जाब आणि सही

शिरूर तालुक्याच्या दक्षिण कडेस, भीमेच्या तीरावर, वडगाव रासाई या नावाचे गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुक्याची शिवारे लागतात. ऊसमळे, देवीचे देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याकडे गेलेली मुले, असे हे आपल्याकडील शेकडो गावांसारखेच एक गाव. अशा गावाचे नाव पुढे करून नागरिकांच्या स्वातंत्र्याविषयी लिहावयास बसावे, याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. हा विषय दिल्लीच्या न्यायमंदिराचा, फार तर पुण्यामुंबईच्या सभागृहांचा, अशी आपली समजूत असते. परंतु वडगावच्या माणसास सरकार दिल्लीत भेटत नाही. ते त्याला भेटते पोलीस पाटलाच्या, महसुली कचेरीतील कारकुनाच्या आणि ठाण्यातील शिपायाच्या रूपाने. रात्री दारावर थाप पडली आणि घरातल्या कर्त्या मुलास ‘साहेबांनी बोलाविले आहे’ एवढेच सांगून नेले, तर त्याला कोठे नेले, कोणत्या कारणास्तव नेले आणि तो परत केव्हा येणार, हे विचारण्याचा अधिकार त्याच्या आईस आहे की नाही? नागरिक-स्वातंत्र्याचा सारा प्रश्न या एका प्रश्नात सामावलेला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सरकारास जाब विचारावयाचा तर दोन गोष्टी कागदावर उतराव्या लागतात. सरकारने आपल्या कृत्याचे कारण लिहून दिले पाहिजे. आणि प्रजेने आपली तक्रार नाव, तारीख व सही यांसह लिहून दिली पाहिजे. यांपैकी पहिली गोष्ट मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ झीज सोसली. दुसरी मात्र पुष्कळदा आपल्याच भिडस्तपणामुळे राहून जाते.

ज्या भूमीत वडगाव वसलेले आहे, त्या भूमीचा कागदाशी संबंध मोठा कडवट आहे. १८७४च्या डिसेंबरात याच शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने एका देशमुखाच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा बजावला, आणि त्यावरून सगळ्या गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे (आज हे गाव बारामती तालुक्यात येते) भर बाजारच्या दिवशी दंगा पेटला, आणि बघता बघता तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. या दंग्यांचा विशेष असा की, जमाव बहुधा माणसांच्या जिवावर उठला नाही. तो खते व रोखे मागत असे, आणि ते मिळाले की त्यांची होळी करून परत फिरत असे. ज्या कागदावर आपण निरक्षरपणे अंगठा उठविला आणि ज्यातील आकडा आपल्याला कोणी वाचून दाखविला नाही, तो कागद हाच त्या शेतकऱ्यांना आपला शत्रू वाटला. लष्कर आले, ९५१ माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी ५०१ जणांस शिक्षा झाल्या. मात्र त्यानंतर सरकारास चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. आयोगाचे एक सभासद ऑकलंड कोल्व्हिन यांनी वेगळे टिपण लिहून वाढविलेल्या सरकारी साऱ्याकडेच बोट दाखविले. अखेर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशास खताच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली, आणि शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे असे ठरविले. ज्या कागदाची होळी झाली, तोच कागद नीट वाचून दाखविला जावा, ही त्या कायद्याची शिकवण होती.

याच सुमारास पुण्यात कागदाचा दुसरा, अधिक धीट उपयोग सुरू झालेला होता. २ एप्रिल १८७० रोजी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या गाऱ्हाण्यांतून ती निघाली. तिचा नियम आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. निदान ५० प्रौढ माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणल्यावाचून कोणासही तिचे सभासद होता येत नसे. पहिल्याच वेळी ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. सरकार जेव्हा विचारी, ‘तुम्ही कोण? कोणाच्या वतीने बोलता?’ तेव्हा सभेस दप्तर उघडून दाखविता येत असे. मतदानाचा हक्क स्वप्नातही नव्हता, अशा काळी सहीच्या बळावर प्रतिनिधित्व निर्माण करणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

१८७६-७७च्या दुष्काळात या दप्तराचे मोल कळून आले. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला पौंडभर धान्य व वर अगदी थोडे पैसे पुरेत असे ठरविले. हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून लोकांची स्थिती नोंदविली, आणि सरकारकडे पत्रामागून पत्र धाडून ही मजुरी अपुरी कशी हे आकड्यांनिशी मांडले. पुढे १८९६च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सभेची माणसे खेड्यापाड्यांत गेली, ती सरकारचाच ‘फॅमिन कोड’ मराठीत समजावून सांगण्यासाठी. पीक बुडाले असता साऱ्याची सूट कोणास, काम कोणास, मदत कोणास, हे त्या नियमांत लिहिलेलेच होते. परंतु ते शेतकऱ्यास कोणी सांगितले नव्हते. सरकारास स्वतःच्या कायद्याची ही आठवण इतकी झोंबली की, १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. कायदा मोडणाऱ्या माणसाइतकाच कायदा वाचून दाखविणारा माणूस अधिकाऱ्यांस अप्रिय होतो, हा अनुभव तेव्हाचाच आहे असे नाही.

त्याच १८९७ सालातील प्लेगची हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी आजी-पणजीच्या तोंडून ऐकिलेली असेल. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याचे चौथे कलम असे की, शुद्ध हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. मार्चपासून रँडसाहेबांच्या कमिटीच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच विधिनिषेध उरला नाही. लोकांत संताप मावेना. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या हातून झालेल्या खुनांत झाला, हे सर्वश्रुत आहे. आम्ही येथे सांगणार आहो ती त्या काळातील दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून त्यांना स्नेह्यांची पत्रे गेली. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याची बातमी त्या पत्रांत होती. गोखल्यांनी ती ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रातून जगापुढे मांडली, आणि विलायतेत एकच खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणीही पुढे होऊन सांगावयास तयार नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी स्नेह्यांची नावे उघड केली नाहीत. सारा दोष स्वतःच्या शिरावर घेतला आणि ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांना पुढे कित्येक वर्षे आपल्याच लोकांचे टोमणे ऐकावे लागले. आमच्या मते या प्रकरणात गोखल्यांना बोल लावण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, त्या पत्रलेखकांच्या जागी मी असतो तर पुढे झालो असतो काय? अब्रूची भीती, सरकारी रोषाची भीती, ‘आपल्या घरच्या बायकांची नावे चव्हाट्यावर कशाला?’ ही भीती. यांतील एकही भीती खोटी नव्हती. परंतु त्या साऱ्या भीतींचा परिणाम एवढाच झाला की, खऱ्याखोट्याचा निवाडा न होता आरोपच मागे घ्यावा लागला, आणि जुलूम करणारे मोकळे राहिले.

याच वर्षी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळातील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी तक्रार केली, आणि ती स्वतःच्या नावाने केली. पार्लमेंटापर्यंत तिचा प्रतिध्वनी गेला. सरकारने तक्रार नाकारली खरी, परंतु ती नाकारण्यासाठी का होईना, त्याला उत्तर द्यावे लागले. रमाबाईंची मते ज्यांना पटत नाहीत, त्यांनीही एवढे मान्य केले पाहिजे की, सही केलेल्या एका स्त्रीच्या पत्राने जे साधले, ते निनावी पत्रांच्या गठ्ठ्याने साधले नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. २८ जुलै १८९७ रोजी पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या बंधूंस सरकारने धरून नेले. आरोप कोणता, पुरावा कोणता, खटला केव्हा, यांपैकी काहीही सांगण्याची सरकारास गरज वाटली नाही. कारण मुंबई इलाख्याचे १८२७ सालचे २५वे रेग्युलेशन त्याच्या हाताशी होते, आणि त्यान्वये खटल्यावाचून कैदेत ठेवता येत असे. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. तरी नातू बंधूंची सुटका १८९९पर्यंत झाली नाही. लोकमान्यांवर निदान खटला तरी चालला. ज्यूरी बसली, सहा विरुद्ध तीन असे मत पडले, आणि ज्यांनी दोषी ठरविले व ज्यांनी नाही ठरविले, त्यांची संख्या आज आपल्यास सांगता येते. नातूंच्या बाबतीत असे सांगण्यासारखे काहीच नाही. लेखी आरोप नसलेल्या कैद्यास खोटे ठरविण्याजोगे वाक्यसुद्धा मिळत नाही.

पुढे १९३६च्या ऑगस्टात मुंबईस पंडित नेहरूंच्या पुढाकाराने नागरिक-स्वातंत्र्याचा संघ स्थापन झाला. रवींद्रनाथ त्याचे मानद अध्यक्ष होते आणि सरोजिनीबाई नायडू कार्याध्यक्ष. नागरिकांच्या स्वातंत्र्याचे रक्षण हा त्याचा उद्देश. परंतु स्वराज्य आले म्हणून हा प्रश्न मिटला नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेच्या २२व्या अनुच्छेदाने अटकेचे कारण सांगावे, वकील करू द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, असे हक्क दिले. आणि त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा दरवाजाही उघडा ठेविला. महिनाभरात तसा कायदा झालादेखील. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली, तेव्हा ‘मिसा’खाली हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांत आपल्या येरवड्यात राहिलेली कितीतरी होती, आणि आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबांस ते दिवस आजही आठवत असतील. स्थानबद्धास कोर्टात दाद मागता येते, असे मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी धैर्याने ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरविले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्यांचा निर्णय तेव्हा एकाकी पडला; २०१७ साली त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोरील प्रकरणात बहुमताचा तो निकाल चुकीचा होता असे स्पष्ट झाले. खन्नांनी आपले मत लिहून ठेविले नसते, तर एकेचाळीस वर्षांनी त्याचा आधार कोणी घेतला असता? त्या काळ्या दिवसांतच, १९७६ साली, जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरिक-स्वातंत्र्याची नवी संघटना उभी राहिली. तिचा भार वाहणारे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सासवडचे.

येथवर वाचकांनी आमच्याशी सहमत होत मान डोलाविली असेल. नातू आपले, लोकमान्य आपले, आणीबाणीतले कैदीही पुष्कळसे आपले. खरी कसोटी यापुढे आहे. शिरूर तालुक्यातच, भीमेच्याच काठी, कोरेगाव येथे १ जानेवारी २०१८ रोजी दंगल झाली. माणूस मेला, गाड्या जळाल्या, दुकाने फुटली. तिच्या चौकशीसाठी चार महिन्यांची मुदत देऊन आयोग नेमण्यात आला, आणि त्यास मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. ज्यांनी मार खाल्ला त्यांना उत्तर मिळण्यास असा विलंब लागावा, हीच मुळात सरकारास विचारण्याजोगी गोष्ट आहे. त्याच्या आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यापाशी भरलेल्या परिषदेच्या संदर्भात २०१८ ते २०२० या काळात सोळा जणांस बेकायदा कृत्यांच्या प्रतिबंधाच्या कायद्याखाली अटक झाली. त्यांपैकी फादर स्टॅन स्वामी वयाच्या ८४व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच वारले. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांस जामीन दिला, तेव्हा त्यांच्या कोठडीस जवळजवळ पाच वर्षे झालेली होती, आणि खटल्यातील साक्षीपुराव्यास सुरुवातही झालेली नव्हती.

या मंडळींची मते आमच्या पुष्कळ वाचकांस मान्य नसतील. कित्येकांस ती घातक वाटत असतील. तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयाने ठरवावयाचे आहे, आम्ही नव्हे. परंतु सिद्ध न झालेल्या आरोपावर माणसाची वर्षानुवर्षे तुरुंगात जावीत काय, हा प्रश्न मतांचा नाही. नातूंसाठी आपण जो न्याय मागितला, तो ज्यांच्याशी आपले पटत नाही त्यांच्यासाठीही मागता आला, तरच तो न्याय होता. एरवी ती केवळ आपल्या माणसांची कड होती. पोलिसांस अधिकार नकोत असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. ज्या राज्यात चोर मोकळे सुटतात, तेथे गरिबाचे स्वातंत्र्य आधी जाते. परंतु अधिकार जितका मोठा, तितका त्याचा हिशेब काटेकोर, हा व्यवहार आपण घरच्या किल्ल्यांबाबतसुद्धा पाळतो.

हा हिशेब सामान्य माणसास घेता येतो काय? एका मातेने तो घेतला आहे. ओरिसातील नीलाबती बेहेरा यांच्या २२ वर्षांच्या मुलास १ डिसेंबर १९८७ रोजी पोलीस घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर आढळले. तो पळून गेला व गाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. त्या माउलीने १९८८च्या सप्टेंबरात थेट सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले, चौकशी करविली, पोलिसांचे म्हणणे अमान्य केले, आणि १९९३ साली सरकारने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्या रकमेने मुलगा परत आला नाही. परंतु कोठडीतील मृत्यूचे उत्तर सरकारास द्यावेच लागते, हे त्या एका पत्राने कायम केले. याच जातीच्या दुसऱ्या एका पत्रावरून, डी. के. बसू यांच्या प्रकरणात, १९९६च्या डिसेंबरात न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचे पत्रक जागीच लिहिले पाहिजे, आणि त्यावर वेळ व तारीख हवी. आप्तास कळविले पाहिजे. कोठडीत असेतो दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. पुढे यांतील बरेच नियम कायद्यातच समाविष्ट झाले.

त्यातील एका नियमाकडे आम्ही आमच्या वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अटकेच्या पत्रकावर साक्षीदार म्हणून घरच्या माणसाची, अथवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी. ही प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे कोण? निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी, ज्यांच्या घरी हे मासिक वाचले जाते तीच ही मंडळी. आणि हीच मंडळी बहुधा अशा वेळी दार लोटून घेतात. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या घराघरांत मुलांना शिकविली जाते. फिर्यादी-दाव्यांत घरदार बुडविणाऱ्याला दिलेला तो सल्ला असेल. शेजाऱ्याच्या मुलास नेताना खिडकी बंद करणाऱ्याला तो लागू नाही. शेजारी उभा राहून पत्रकावरील वेळ वाचणारा आणि खाली सही करणारा एक माणूस असला, तर पुष्कळ अनर्थ मुळातच टळतात. कारण अत्याचाराला अंधार आणि एकांत लागतो.

माहितीच्या अधिकाराचेही तसेच आहे. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालविलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात २००२ साली हा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे अमलात आला. सामान्य माहितीस ३० दिवसांची मुदत आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंध असलेली माहिती ४८ तासांत दिली पाहिजे, हे कलम फार थोड्यांस माहीत असते. सार्वजनिक सभेच्या माणसांनी फॅमिन कोड वाचून दाखविला, तसे हे कलम वडगावसारख्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत कोणी तरी वाचून दाखविले पाहिजे. गावातल्या शिकलेल्या मुली हे काम उत्तम करतील, असा आमचा विश्वास आहे.

१८७५ साली या मुलखातील शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण तो वाचता येणारा एकही माणूस त्यांच्या बाजूस उभा नव्हता. आज गावोगावी वाचता येणारी माणसे आहेत. अटकेच्या पत्रकाची प्रत मागणे, तक्रारीवर तारीख घालणे, पोच घेणे, साक्षीस नाव देणे आणि दिलेल्या साक्षीपासून न ढळणे, ही कामे दिसावयास क्षुद्र आहेत. त्यांवर पोवाडे होत नाहीत. परंतु गोखल्यांस १८९७ साली नेमकी हीच मदत हवी होती, आणि ती त्यांना मिळाली नाही. यापुढे कोणास ती हवी झाली, तर ती आपल्या घरातून मिळावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.